घासाघीस न करता

माझ्या नवऱ्याला ‘हो’ म्हणायला वेळ लागतो. मला बघून गेल्यावर होकार कळवायला त्यानं पाच आठवडे लावले होते. तोवर माझ्या वडिलांनी आणखी दोन स्थळं शोधली होती आणि त्यातल्या एकासाठी आईनं पोहेसुद्धा भिजवले होते. एवढे दिवस काय करत होतात, असं मी लग्नानंतर विचारलं, तर म्हणाला, विचार करत होतो. काय विचार केला ते मात्र आजतागायत सांगितलेलं नाही.

त्याचा तरी दोष कसा म्हणायचा? शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो तपासणीच्या कामावर आहे. ओतून आलेला माल हातोडीनं ठोकून बघायचा, आवाज ऐकायचा, बॅटरीच्या उजेडात भेगा शोधायच्या आणि खोट सापडली की माल परत भट्टीकडं पाठवायचा. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाला खोट शोधल्याशिवाय जेवण जात नाही. मी मंडईत समोर दिसेल ती भेंडी पिशवीत टाकून मोकळी होते. तो एकेका भेंडीचं शेपूट मोडून बघतो. मी हायस्कुलात शिकवते, त्यामुळं माझ्याकडचा सगळा धीर पाचव्या तासापर्यंत संपलेला असतो. घरी न्यायला काही उरत नाही.

तर अशा दोन माणसांनी मिळून घर घ्यायचं ठरवलं होतं.

एकोणीस वर्षं आम्ही भाड्याच्या घरात काढली. पाच घरं झाली. घरमालक सगळे चांगले भेटले, ते खोटं कशाला बोलू. पण भिंतीत खिळा मारायचा झाला तरी खाली जाऊन विचारून यायचं, ही गोष्ट माझ्या मनाला लागायची. स्टाफरूममध्ये कुणाच्या वास्तुशांतीचं आमंत्रण आलं की मी हसून पेढा खायची आणि तासावर जाऊन पोरांवर उगाच खेकसायची. मला घर हवं होतं. मोठं नको, रस्त्यावरचं नको, पण माझं हवं होतं.

आणि जूनमध्ये आमच्या पाचव्या घरमालकानं वर येऊन, चहा घेऊन, बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारून सांगितलं, की मुलाचं लग्न ठरलंय आणि त्यांना वरचा मजला लागणार. दिवाळीच्या आत जागा मिळाली तर बरं होईल. फार संकोचून सांगितलं बिचाऱ्यानं. मी त्याला विचारलं, ‘म्हणजे आम्ही कधी निघायचं?’ आणि विचारताना माझा आवाज एवढासा झाला, याचा मला स्वतःचाच राग आला. मुलगी हॉस्टेलवर होती, तिला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, या वेळी स्वतःचंच घ्या ना आता. जणू काही आम्ही घेत नव्हतो ते हौसेनं.

पैशाची जुळवाजुळव झाली होती, बँकही कर्ज द्यायला तयार होती. तयार नव्हता तो नवरा. फुलेवाडीकडचं एक घर मला आवडलं, दारात पेरूचं झाड होतं. हा म्हणाला, पावसात ओल किती येते ते बघू, मग ठरवू. पाऊस आला, आम्ही ओल बघायला गेलो, तर खिडक्यांना दुसऱ्याच कुणाचे तरी पडदे लागले होते. दुसऱ्या एका फ्लॅटच्या वेळी यानं बिल्डरकडं इतके कागद मागितले, की शेवटी बिल्डरच आमचा फोन उचलेना. तिसऱ्या वेळी रात्रभर विचार करून आम्ही सकाळी नऊ वाजता होकार कळवला आणि घर आठ वाजता गेलं होतं. तेव्हा मी दोन दिवस नवऱ्याशी बोलले नाही. त्याच्या ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं.

घरं दाखवणारा एजंट आधी म्हशींचा व्यापार करायचा. घराकडंही तो त्याच नजरेनं बघायचा. दारात उभं राहून भिंतीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, ‘पावणं, हाड बघा हाड.’ आणि प्रत्येक घराच्या मागं त्याची एक सांगलीची पार्टी असायची. आज सांजच्याला सांगलीची पार्टी येणार हाय, उद्या सकाळी सांगलीची पार्टी इसार घेऊन येणार हाय. इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण म्हणून हातावर ठेवायची रक्कम. तो इसार घेऊन ही पार्टी महिनोन् महिने आमच्या मागं-पुढं फिरत होती. नवरा म्हणायचा, आता सांगलीत माणूस शिल्लक नसंल. मला ते हसण्यावारी नेता येत नव्हतं. तीन घरं गेलेल्या माणसाला सांगलीची पार्टी खरी वाटायला लागते.

गणपतीचं विसर्जन झालं आणि माझा धीर सुटला. दिवाळीपर्यंतचे आठवडे आता बोटांवर मोजता येत होते. त्यानंतरच्या रविवारी आम्ही कळंब्याच्या बाजूला चोविसावं घर बघायला गेलो.

छोटंसं घर होतं, खाली दोन खोल्या, वर एक. मालक म्हणजे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका, सत्तरीच्या पुढचे. आवाज असा, की घरात बोलले तरी कोपऱ्यावरच्या दुकानात कळावं. काकांनी तीस वर्षांपूर्वी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं घर. आता काका-काकू दोघांचेही गुडघे गेले होते आणि पुण्याची मुलगी एकटं राहू देत नव्हती, म्हणून विकायचं. एजंटनं दारातच माझ्या कानात सांगितलं, की पाच वाजता पार्टी येतेय. कुठली ते मी विचारलं नाही.

काका नवऱ्याला गच्चीवर घेऊन गेले आणि काकू मला स्वयंपाकघरात. ठेंगणीठुसकी बाई. मीही तेवढीच. माझा जन्म दुसऱ्यांच्या ओट्यांवर टाचा उंचावून गेलाय. भाकरी थापताना खांदे भरून येतात, कुकरमध्ये बघायचं तर पाटावर उभं राहावं लागतं. या स्वयंपाकघरात मी सहज ओट्यावर हात टेकले आणि माझी कोपरं बरोबर जागेवर आली. एवढी साधी गोष्ट. पण त्या क्षणी मला डोळ्यांसमोर माझी परात दिसली, तवा दिसला, खिडकीतून येणारं ऊन दिसलं. घर मी तिथंच घेतलं. बाकीचा व्यवहार म्हणजे नुसता तपशील होता.

मी बाहेर आले तेव्हा नवरा बॅटरी घेऊन जिन्याखाली बसला होता आणि बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत होता. काकांनी किंमत सांगितली. एजंटनं घड्याळ बघितलं. इतक्यात काकू आतून तबक घेऊन आल्या. सवाशीण पहिल्यांदा घरात आलीय, म्हणून मला हळदीकुंकू लावलं आणि ओटी भरली. मी पंजाबी ड्रेसमध्ये होते, त्यामुळं ओढणीतच नारळ आणि तांदूळ घेतले. मी ती ओढणी दोन्ही हातांनी सावरत उभी आहे, काकू माझ्याकडं बघतायत, आणि काका मोठ्यांदा म्हणाले, ‘मग, बोला.’

मी म्हणाले, ‘घेतलं.’

नवरा जिन्याखालून उठायला गेला आणि त्याचं डोकं आपटलं.

काकांनी विचारलं, किमतीचं काय? मी म्हणाले, तुम्ही सांगितली ती. ज्या बाईनं आत्ता आपली ओटी भरली तिच्यासमोर दोन लाख कमी करा म्हणायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. पाच वाजायला वीस मिनिटं होती. काका माझ्याकडं बघत राहिले. एजंटही बघत राहिला. खोलीत एकदम शांतता झाली आणि मला वाटलं, आनंदानं झाली.

परत येताना नवऱ्यानं रंकाळा तलाव येईपर्यंत वाट पाहिली. तिथं स्कूटर बाजूला घेऊन म्हणाला, ‘निदान लाजेकाजेला तरी लाखभर कमी मागायचास.’ मी म्हणाले, तुम्ही मागेपर्यंत शिमगा आला असता. मग आम्ही तिथं रस्त्याच्या कडेला यथास्थित भांडलो. त्याचं म्हणणं, बाई असो की बाप्या, सांगितलेल्या किमतीला कुणी साधा माठ घेत नाही. माझं म्हणणं, शब्द दिलाय, आता काय करायचं ते करा. शेवटी तो म्हणाला की इसार तरी अजून दिलेला नाही, आणि मी म्हणाले की माझ्या शब्दाला इसार लागत नाही. हे वाक्य मला फार आवडलं होतं. सोमवारी स्टाफरूममध्ये मी ते सगळ्यांना सांगितलं आणि पेढे वाटले.

मंगळवारी एजंटचा फोन आला. काका घर द्यायला तयार नाहीत.

मला वाटलं, शेवटी खरोखरच सांगलीची पार्टी आली. पण तसं नव्हतं. ‘म्याडम, पार्टी कुठली आलीया,’ एजंट अगदी मोकळेपणानं म्हणाला. काकांना म्हणे दोन रात्री झोप नव्हती. एका बाईनं घासाघीस न करता, सांगितलेल्या किमतीला, उभ्या-उभ्या घर घेतलं म्हणजे त्या बाईला असं काहीतरी माहीत आहे जे आपल्याला माहीत नाही. इथून मोठा रस्ता निघणार असेल. शेजारी काहीतरी मोठं होणार असेल. काका सोमवारी महापालिकेत जाऊन नकाशा बघून आले होते. नकाशात काही नव्हतं, त्यामुळं त्यांचा संशय आणखी वाढला. वर शेजाऱ्यानं सांगितलं होतं, की तुम्ही निदान दहा लाखाला बुडालासा. एजंट म्हणाला, ‘गिऱ्हाईक भांडलं की मालकाला बरं वाटतंय वो. तुमी गप घेतलासा. म्हाताऱ्याला वाटतंय, यात कायतरी गोम हाय.’

मी फोनवर बरंच काही बोलले. शब्द म्हणजे काय, नारळ म्हणजे काय, ओटी भरून माघार घेतात का. एजंटनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यावर एकच उपाय सांगितला, ‘साहेबांना पाठवा.’

साहेब शेजारी बसून शेंगा सोलत होते. त्यांना सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला, जसा आमच्या लग्नातही खुलला नव्हता. म्हणजे आता, ठरलेल्या सौद्याची किंमत पाडून द्यायची, आणि तीही मालकाच्याच समाधानासाठी. असं काम माणसाच्या वाट्याला जन्मात एकदा येतं. मला वाटलं होतं, हा म्हणेल रविवारी जाऊ. पण तो म्हणाला, उद्याच जाऊ. फक्त एक अट घातली. मी तोंड उघडायचं नाही.

बुधवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या घरात बसलो. काका आमच्याशी नीट बोलायलाही तयार नव्हते. रविवारचा तो खणखणीत आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. मांडीवर हात ठेवून, आपल्याला कुणी फसवतंय का, हे शोधल्यासारखे ते माझ्या तोंडाकडं बघत होते. नवऱ्यानं आधी पाणी घेतलं. मग खिशातून कागद काढला. त्या कागदावर त्यानं घराची एकेक खोट लिहून आणली होती.

काय काय होतं त्यात. गच्चीचा उतार चुकलाय, पाणी कोपऱ्यात साठतं. जिना उभा आहे. मागच्या भिंतीला ओल आहे. न्हाणीची फरशी बसलीय. पश्चिमेची खिडकी चुकीच्या जागी काढलीय, दुपारी घर तापणार. वायरिंग जुनं. स्वयंपाकघर अरुंद. ओटा बुटका. हे ऐकून मी त्याच्याकडं बघितलं, पण मला बोलायची बंदी होती.

पहिल्या दोन खोटांना काका गप्प राहिले. तिसरीला म्हणाले, ओल कुठाय, दावा. दोघं उठून ओल बघून आले. चौथीला काकांचा आवाज परत आला. स्लॅबवर एकवीस दिवस आपण स्वतः पाणी मारलंय, सिमेंट कुठल्या दुकानातून आणलं, वाळू कशी चाळून घेतली, हे ते सांगायला लागले. पाचवीला म्हणाले, घ्यायचं नसलं तर नगा घेऊ. नवरा उठला आणि पायात चपला घातल्या. काका म्हणाले, च्या टाकलाय, घेऊन जावा. नवरा बसला. पुन्हा गच्चीच्या उतारावर आला. आणखी थोड्या वेळानं तो परत उठला, या वेळी फाटकापर्यंत गेला आणि काकांनी त्याला हाताला धरून परत आणलं. एजंट भिंतीला टेकून कुस्तीचा फड बघितल्यासारखा बघत होता. एकदा त्यानं मला डोळ्यांनीच खूण केली, की सगळं ठीक चाललंय.

मला यातलं काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की काकांच्या गालांवर रंग आलाय. माझ्या होकारानं ज्यांची झोप उडाली होती ते काका आपल्या घराला कुणीतरी नावं ठेवतंय म्हणून ताजेतवाने होत होते. तासाभरानं किंमत दोन लाखांनी उतरली. काकांनी मांडीवर थाप मारली आणि एजंटला म्हणाले, ‘लई चिवट हाय पावणा.’ आता ते जिंकले होते. म्हणजे दोन लाख गमावून, पण जिंकले होते. फक्त शेवटचे पंचवीस हजार राहिले होते आणि त्यांवर दोघंही अडले होते, कारण अडायचं असतं.

चहा मात्र अजून आला नव्हता. मी बघायला आत गेले.

चहा गॅसवर आटून तळाला गेला होता. काकू त्याच्याकडं पाठ करून उभ्या होत्या आणि ओल्या फडक्यानं ओटा पुसत होत्या. ओटा स्वच्छच होता. मी म्हणाले, काकू, चहा आटला. त्यांनी गॅस बंद केला आणि फडकं पिळून पुन्हा पुसायला घेतलं. बाहेरून नवऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. म्हणजे पहिल्यापासून सगळंच ऐकू आलं असणार.

माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, ‘एवढं वाईट हाय व्हय वो बाई माझं घर?’

मी आटलेल्या चहाचं पातेलं उचलून मोरीत ठेवलं.

‘ओटा मी माझ्या मापानं घालून घेतलाता,’ त्या म्हणाल्या. ‘गवंडी आयकत नव्हता. भांडलो त्याच्यासंगट. मालकबी त्याच्याच बाजूनं. मी हितं उभी ऱ्हायलो आन् म्हणलो, माझ्या कोपराएवढाच पायजे.’

मी सांगितलं, की काकू, मी घर घेतलं ते हा ओटा बघूनच. त्यांनी मान वर केली. मग ते बुटका का म्हणत्यात, असं विचारलं. मी म्हणाले, ते किमतीसाठी. तसं बोलावं लागतं. हे बोलताना मला माझीच लाज वाटली. रविवारी मी न भांडता घर घेतलं त्यात मूर्खपणा होता असं दोन दिवस सगळे मला सांगत होते, आणि मलाही ते पटत आलं होतं. पण काकूंना झोप लागली होती त्या रविवारी. इतक्या लोकांनी घर बघून नाकं मुरडली आणि एका बाईनं काही न बोलता घेतलं, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी मुलीला फोन करून सांगितलं होतं, की घर चांगल्या हातात चाललंय. हे सगळं त्यांनी मला ओटा पुसता पुसता सांगितलं. काकांना यातलं काही माहीत नव्हतं. काकांनी विचारलंही नव्हतं.

माझी बंदी मी तिथंच मोडली. नवऱ्याला हाक मारून आत बोलावलं. तो पंचवीस हजार तोंडात धरूनच आला आणि काकूंचा चेहरा बघून दारातच थांबला. मी म्हणाले, ‘काकू विचारतायत, त्यांचं घर एवढं वाईट आहे का.’

मला वाटलं, आता हा विचार करायला वेळ मागेल. त्यानं ओट्यावर हात ठेवला. नेहमीच्या सवयीनं दोन बोटांनी ठोकलाही.

‘काकू,’ तो म्हणाला, ‘आमच्या कारखान्यात जो माल घ्यायचाच न्हाय, तो मी ठोकून बघत न्हाय. नुसतं बघून सोडतो. तेवीस घरं बघितली, कुठं दुसऱ्यांदा पाय ठेवला न्हाय. हितं दीड तास बसलोय.’

काकूंना ते किती कळलं मला माहीत नाही. त्यांनी फक्त विचारलं, ‘मग घेतासा?’

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. घर चोविसावं होतं, किंमत उतरली होती, मालक खूश होता, आणि तरीही त्याच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. साधी, उघडी भीती. इतकी वर्षं मी तिला चेंगटपणा म्हणत आले होते. फौंड्रीत चुकलेला माल परत वितळवता येतो. घर घेऊन चुकलं तर काय वितळवणार, असं काहीतरी त्या माणसाच्या डोक्यात इतके महिने चालू असणार आणि मी त्याच्यामागं सांगलीच्या पार्टीसारखी लागले होते. मला त्याची दया आली आणि मायाही आली. ‘हो म्हणा’ हे शब्द माझ्या जिभेवर होते. मी ते गिळले. जन्मात इतकं कठीण काम केलं नव्हतं.

‘घेतो,’ तो म्हणाला. ‘तुमी जपलंय तसं जपतो.’

बाहेर जाऊन त्यानं ते पंचवीस हजार सोडून दिले. काकांना हे जरा खटकलं; आणखी एक फेरी होईल अशी त्यांची अपेक्षा होती. मग नवऱ्यानं इसाराचं पाकीट काढलं. काकांनी हात पुढं केला, थांबले, आणि आत बघून म्हणाले, ‘तिच्या हातात द्या. मी काय, कारखान्यावर असायचो. घरात तीच ऱ्हायलीया.’ एवढं बोलून ते एजंटशी सिमेंटबद्दल बोलायला लागले.

पाकीट घेऊन आम्ही आत आलो आणि मी ते काकूंच्या हातात दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं आणि साखरेच्या डब्याखाली ठेवलं. नवं पातेलं घेतलं, त्यात पाणी ओतलं, आलं ठेचलं. मग अगदी हळू, बाहेर ऐकू जाऊ नये अशा आवाजात मला विचारलं, ‘मग आमी कवा निघायचं?’

त्या मला विचारत होत्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या मापाच्या ओट्याजवळ उभं राहून, माझी परवानगी मागत होत्या. मला घर हवं होतं ते असं कुणाला विचारावं लागू नये म्हणून. आता ते कुणीतरी मला विचारत होतं, आणि मला काही केल्या मालकीण झाल्यासारखं वाटेना. हिशेब तर सरळ होता. कागदपत्रं, बँक, नोंदणी, सगळं धरून दिवाळीच्या आधी चार दिवस घर हातात येत होतं. आम्हाला तेच हवं होतं. मी तारीख सांगितली असती तर त्या ‘बरं’ म्हणाल्या असत्या आणि कुणी मला नावं ठेवली नसती.

‘दिवाळी इथंच करा,’ मी म्हणाले. ‘भाऊबीज होऊ दे. मुलीला बोलवा. मग निवांत निघा.’

दारात उभ्या असलेल्या नवऱ्यानं मोठा श्वास घेतला, तो मला ऐकू आला. आठवड्यात दुसऱ्यांदा मी कुणाला न विचारता, काही न मागता, उभ्या-उभ्या सौदा करून टाकला होता. त्याची किंमत आम्ही पुढं मोजली. सामान घरमालकाच्या बोळात ताडपत्रीखाली गेलं, आम्ही दोघं मुरगूडला दिरांच्या घरी राहिलो आणि रोज एसटीनं ये-जा केली. मुलगी दिवाळीला आली ती तिथंच, आणि स्वतःच्या घरातली पहिली दिवाळी कुठाय म्हणून चिडली. नवरा मात्र त्याबद्दल मला एका शब्दानं बोलला नाही. त्या संध्याकाळीही तो फक्त म्हणाला, ‘काकू, साखर जरा कमी.’

काकूंनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पदरानं डोळे पुसले आणि चहा गाळायला घेतला.

‘मग करंज्या हितंच करतो,’ त्या म्हणाल्या.